झिजलेला चेहरा

पंढरपुरात भाविक विठोबाच्या पावलांवर डोकं टेकवतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या कपाळांनी ती दगडी पावलं झिजत आली, म्हणून त्यांना वज्रलेप करावा लागला. देव भक्तांमुळे झिजतो हे आपल्याला नवं नाही. पण पावलं भक्ताची असतील आणि झिजलेला असेल तो देवाचा चेहरा, तर?

शुसाकु एंडो या जपानी कॅथलिक लेखकाने नागासाकीच्या संग्रहालयात असा चेहरा पाहिला. त्याला फुमिए म्हणतात. लाकडी फळीत बसवलेली ख्रिस्ताची किंवा मारियेची धातूची प्रतिमा. सतराव्या शतकात जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी आली तेव्हा संशयितांना तिच्यावर पाय ठेवायला लावत. ठेवला की सुटका. एंडोच्या डोक्यात घर केलं ते फळीवरच्या अंगठ्यांच्या काळ्या डागांनी. हुतात्म्यांची नावं चर्चने जपली. हे पाय कुणाचे? १९६६ सालची ‘चिनमोकु’, म्हणजे ‘मौन’, ही कादंबरी त्यातून आली.

तिचा नायक रॉड्रिग्ज हा पोर्तुगीज जेझुइट पाद्री, लिस्बनहून गोवा, मकाव करत जपानला पोचलेला. त्याच्या मनातला ख्रिस्त युरोपीय चित्रांतला, देखणा, तेजस्वी. पकडला गेल्यावर एका रात्री कोठडीच्या अंधारात त्याला कुणीतरी घोरल्याचा आवाज येतो. आपण मरणाच्या दारात आणि पहारेकरी खुशाल झोपलाय! त्याला हसू येतं. पहिल्या वाचनात मलाही आलं होतं. मग कळतं, ते घोरणं नाही. बाहेर खड्ड्यात उलटे टांगलेले शेतकरी कण्हताहेत. मरण लवकर येऊ नये म्हणून त्यांच्या कानामागे बारीक चीर दिलेली आहे. त्यांनी धर्म केव्हाच सोडलाय. पाद्र्याने सोडला तरच त्यांना वर काढणार.

देव दुःखितांजवळ असतो, असं प्रवचनात सहज बोलून होतं. इथे त्या वाक्यापाशी पोचायच्या आधी आपलंच हसू आडवं येतं.

रॉड्रिग्जच्या पुढ्यात ठेवलेल्या फुमिएवरचा चेहरा देखणा नाही. तुडवून तुडवून खोलगट झालेला, कष्टी. पाय ठेव, असं तोच सांगतोय असं त्याला वाटतं, आणि तो पाय ठेवतो. देव बोलला, की थकलेल्या मनाने त्याला बोलतं केलं? कादंबरीने ते वाचकावर सोडलंय. (स्कॉर्सेसीने तिच्यावर काढलेल्या २०१६च्या चित्रपटात शेवटी मृत रॉड्रिग्जच्या हातात चिमुकला क्रूस दिसतो. कादंबरीत तो नाही, आणि नाही तेच बरं.) अनेक जपानी कॅथलिकांना पुस्तक रुचलं नाही. त्यांचा राग मला समजतो: मग जे मेले, ते उगाच मेले का?

एंडोचा लहानपणी बाप्तिस्मा झाला तो आईमुळे. हा धर्म आपल्याला अंगाला न बसणाऱ्या विलायती सुटासारखा वाटतो, असं तो म्हणे. न्यायाधीश बापापेक्षा सोसणारी आई त्याला देवात हवी होती. यात मराठी वाचकाला नवल काय? आपल्याकडे विठाई आहे, रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तर ख्रिस्तालाच माउली म्हटलं. पण माउली म्हणणं आपल्याला फार स्वस्तात पडतं. तिच्या पदरात किचिजिरोलाही जागा आहे, हे पचवायचं असतं.

किचिजिरो म्हणजे दारुडा, घाणेरडा, रॉड्रिग्जला पकडून देणारा माणूस. तो पुन्हा पुन्हा पाप कबूल करायला येतो आणि पुन्हा कच खातो. रॉड्रिग्जला त्याची किळस येते. शेवटी पाद्रीपण गमावून बसलेल्या त्याच रॉड्रिग्जच्या दाराशी तो पुन्हा येऊन उभा राहतो. क्षमा देण्याचा अधिकार आता रॉड्रिग्जकडे उरलेला नाही. तरी तो त्याचं ऐकून घेतो.