अपशकुन कुणाचा?

मादागास्करच्या जंगलात आय-आय नावाचा निशाचर प्राणी राहतो, माकडांच्याच गणगोतातला. त्याचं मधलं बोट काडीसारखं बारीक. त्यानं तो खोडावर टकटक करतो, आतल्या अळीचा माग काढतो आणि तिला बाहेर ओढतो. हे बोट ज्याच्याकडे वळलं त्याचं मरण ठरलं, असं तिथले काही लोक मानतात आणि दिसताच त्याला मारतात. जंगलतोड आहेच. आज हा प्राणी नामशेष होण्याच्या वाटेवर आहे.

पण तिथल्या लोकांना हसायचं कशाला? साताऱ्या-सांगलीकडे घराच्या आढ्यावर घुबड बसलं की आपलंही काळीज धडधडतं. त्याला मारलेला दगड ते पाण्यात झिजवतं आणि मारणाराही तसाच झिजतो, हे आपणच सांगत आलो. प्रत्यक्षात गव्हाणी घुबड रात्रभर शिवारातले उंदीर टिपतं. धनाच्या लोभानं त्याचा बळी देणाऱ्याला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तुरुंग होऊ शकतो.

डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचेच. १९८९ साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. त्यांच्या मातीतल्या माणसांनी एवढं तरी करावं: आज रात्री घुबड ओरडलं, तर मुलांना भीती नको, त्याचं काम सांगा.