होल्याचें वात्सल्य

चाकणच्या कारखान्यांच्या कुंपणावर दिसणारा होला दाण्यांवर जगतो. परंतु पिलांस पहिले कांहीं दिवस तो दाणा भरवीत नाहीं. नर व मादी या दोघांच्याही गळ्यांतील अन्नपिशवीचें अस्तर सुटून चक्क्यासारखा पदार्थ होतो. तेंच पिलांचें दूध. तें उत्पन्न करणाऱ्या स्रावास ऑस्कर रिडल व त्यांचे सहकारी यांनीं १९३३ च्या सुमारास प्रोलॅक्टिन हें नांव दिलें. स्त्रीच्या दुधामागेंही तोच. मग वात्सल्य म्हणजे निव्वळ रसायन काय? होल्यापुरतें आम्ही तसें कबूल करूं. त्यास दुसरा मार्ग नाहीं, म्हणून श्रेयही नाहीं. मनुष्यजातींतील पित्यास मात्र देह अशी सक्ति करीत नाहीं. त्यास तें रोज ठरवूनच करावें लागतें. आणि आमच्या ओळखीचे पुष्कळ सद्गृहस्थ, मूल रडूं लागतांच, तें आईच्या पदरीं घालून वर्तमानपत्र उघडतात.