शोभेसाठीं उतरविलेलें कवच

दूरच्या प्रवासासाठीं मुद्दाम घेतलेल्या मोटारसायकलीचें लेगगार्ड, केवळ ती अधिक देखणी दिसावी म्हणून काढून टाकावें कीं नाहीं, हा प्रश्न प्रथमदर्शनीं नीतिशास्त्राच्या पंक्तीला बसविण्याजोगा वाटत नाहीं. दोनचार बोल्ट सैल केले कीं काम संपलें. यांत पापपुण्य तें कोठलें? परंतु मनुष्य शोभेसाठीं काय सोडावयास तयार होतो, आणि जें सोडतो तें खरोखर त्याच्या एकट्याचेंच असतें काय, हें पाहावयाचें असेल तर याहून सोयीचें उदाहरण आम्हांस सांपडलें नाहीं.

प्रथम शोभेच्या पक्षाचें म्हणणें ऐकूं. तें पोरकट नाहीं. १९२३ सालीं बीएमडब्ल्यूच्या कारखान्यांतून आर ३२ ही मोटारसायकल बाहेर पडली, तेव्हांपासून त्या घराण्याच्या कित्येक गाड्यांच्या इंजिनाचे दोन सिलिंडर डाव्याउजव्या अंगांस पंखांसारखे बाहेर आलेले असतात. वाऱ्यानें ते थंड राहावेत ही मूळची सोय. पण आज रसिकाची नजर तेथेंच खिळते. त्यांच्यापुढें लोखंडी नळ्यांचें कडें घालणें म्हणजे देवळाच्या कोरीव खांबापुढें बांबूंची परांची कायमची उभी ठेवणें होय, असें कोणी म्हटलें तर त्याच्या दृष्टीला आम्ही दोष देणार नाहीं.

मात्र कांटनें १७९० सालच्या आपल्या ग्रंथांत सौंदर्याचे जे दोन प्रकार केले, त्यांतील दुसरा येथें लागू पडतो. फुलाकडे पाहतांना तें कशासाठीं आहे हें विचारावें लागत नाहीं; पण घोडा किंवा इमारत सुंदर म्हणतांना ती वस्तु कशी असावयास हवी ही कल्पना मनांत धरूनच आपण बोलतों. प्रवासाची गाडी या दुसऱ्या वर्गांतली. ती सामानानें लादली जाणार, अनोळखी रस्त्यांवर केव्हां तरी पडणार. ती पडण्याची तरतूद टाकून अधिक सुंदर कशी होते, हें आम्हांस नीटसें उमगत नाहीं.

या अडचणींतून सुटण्यासाठीं शोभेचे वकील एक शास्त्रीय दाखला पुढें करतात. अमेरिकेंत हॅरी हर्ट यांनीं लॉस एंजेलिस भागांतील नऊशें अपघातांची जागेवर जाऊन पाहणी केली. तिचा अहवाल १९८१ सालीं प्रसिद्ध झाला. लेगगार्डामुळें पाऊल व घोटा यांच्या दुखापती कमी होतात खऱ्या, पण मांडी, गुडघा व नडगी यांच्या वाढून हिशेब बरोबरीचा होतो, असा त्यांतील निष्कर्ष आहे. निष्कर्षाबद्दल आमची तक्रार नाहीं. परंतु ज्यानें गाडीचें रूप न्याहाळून गार्ड काढलें, त्यानें मागाहून हर्टला उभें करणें म्हणजे निकाल लागल्यावर साक्षीदार बोलावणें झालें! शिवाय ती पाहणी शरीराच्या जखमांची. गाडी जवळजवळ जागच्या जागीं कलंडते तेव्हां तिचें काय होतें, हा वेगळाच विषय आहे.

आणि लेगगार्डाचें मुख्य काम तेंच. मनालीहून लेहकडे जातांना वितळलेल्या बर्फाचे ओहोळ रस्त्यावरून वाहतात. गोट्यांवरून चाक घसरतें. वेग बैलगाडीचा, पण सामानासह अडीचशें किलोंचें धूड आडवें होतें. गार्ड असलें तर नळीला पोचा पडतो व गाडी उचलून पुढें निघतां येतें. नसलें तर इंजिनाचें झांकण तडकून तेल वाहूं लागतें, किंवा गिअरची दांडी मोडते. मग गाडी लादून नेणारा ट्रक मिळेपर्यंत बरोबरचे चौघे त्या उंचीवर कुडकुडत थांबतात. शोभा एकाची होती. थंडी पांचांच्या वांट्याला आली.

आपला जीव आपण धोक्यांत घालावा कीं नाहीं, या जुन्या वादांत आम्ही सहसा मोकळीक देणाऱ्यांच्या बाजूचे. पण 'माझी गाडी, माझें लोखंड' हें वाक्य दिसतें तितकें खासगी नाहीं. आपल्याकडे तें साडीगार्डावरून स्पष्ट होतें. मागें बसणाऱ्याचे कपडे चाकांत गुंतूं नयेत म्हणून मागचें चाक निदान निम्में झांकणारें आवरण केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १२३ व्या नियमानें सक्तीचें केलें आहे. तरी नवी गाडी घरीं आली कीं कित्येक तरुण आधीं तेंच उतरवितात, आणि मग त्याच गाडीवर आई किंवा बायको पदर सांवरून बसते. तिचें मत कोणी विचारलेलें नसतें. येथें सौंदर्याची चर्चा आम्हांस ऐकवत नाहीं.

लेगगार्डाची गोष्ट इतकी उघड नाहीं, आणि गांवांतल्या गांवांत मिरवावयाचें असेल तर आमचा आग्रहही नाहीं. काढलेलें गार्ड कांहीं जण भंगारांत घालीत नाहींत. गोणपाटांत गुंडाळून माळ्यावर ठेवतात, आणि लेहची वारी ठरली कीं आदल्या रविवारीं तें निमूटपणें खालीं काढून पुन्हां चढवितात.