दिवा फक्त दाखवतो का?

मडके कुंभार घडवतो आणि दिवा दाखवतो. भारतीय तर्कशास्त्राने या साध्या भेदाला मोठे महत्त्व दिले आहे. कुंभार हा मडक्याचा कारक हेतू, दिवा हा ज्ञापक हेतू. कुंभार नसता तर मडकेच नसते. दिवा नसता तर मडके असते, पण दिसले नसते. दिव्याने त्यात काही घातलेले नसते आणि त्यातून काही काढलेलेही नसते. जाणीव वस्तूला घडवते की नुसती उजेडात आणते, या वादात हा भेद शतकानुशतके वापरला गेला. ज्यांना जाणीव निर्लेप ठरवायची होती त्यांना दिव्याइतका सोयीचा दृष्टांत दुसरा सापडला नाही.

घरच्या घरी सुतारकाम, वायरिंग किंवा रंगकाम करणाऱ्याने कामापुरता स्वस्त एलईडी दिवा विकत आणला की या दृष्टांताची परीक्षा सुरू होते. वाईट दिव्याखाली लाल पट्टा तपकिरी दिसतो, फिरते ड्रिल थांबल्यासारखे भासते, पुट्टीचा उंचवटा भिंतीतून नाहीसा होतो. वस्तू बदललेली नसते, पण जे दिसते ते दिव्याने बदललेले असते. तेव्हा दिवा नुसता दाखवतो हे म्हणणे कितपत टिकते, हा प्रश्न उरतो. कोणता दिवा घ्यावा याचे उत्तरही याच प्रश्नात दडलेले आहे.

हा प्रश्न छत्रपती संभाजीनगरच्या परिसराला परका नाही. शहराच्या दक्षिणेला पैठण, म्हणजे सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान. बौद्ध आचार्य नागार्जुन हा एका सातवाहन राजाचा स्नेही होता, असे परंपरा सांगते. दिव्याच्या दृष्टांतावर सर्वांत कठोर हल्ला त्यानेच केला. दिवा स्वतःलाही प्रकाशित करतो आणि इतरांनाही, असे प्रतिपक्ष म्हणत असे. ‘मूलमध्यमककारिके’च्या सातव्या प्रकरणात नागार्जुन त्याला विचारतो की प्रकाशित करणे म्हणजे अंधार घालवणे ना? मग दिव्याच्या ठिकाणी अंधार कधी होता, जो त्याने घालवला? दिवा आणि अंधार एका जागी येतच नाहीत, तर त्यांची गाठ पडते कुठे? गाठ न पडताच अंधार जात असेल, तर इथल्या एका दिव्याने साऱ्या जगाचा अंधार का जात नाही? आणि दिवा स्वतःला प्रकाशित करत असेल, तर अंधारानेही स्वतःला झाकून टाकायला हवे. युक्तिवाद शब्दच्छलासारखा वाटतो, पण त्याचा रोख गंभीर आहे. दाखवणे ही दिव्याच्या पोटातली शक्ती नाही. ती दिवा, वस्तू, अंतर आणि डोळा यांच्या जुळणीतून उभी राहते. कामाचा दिवा निवडताना ज्याला नुसते वॅट दिसतात, त्याने हे प्रकरण अवश्य वाचावे.

वेदान्ताने दृष्टांत सोडला नाही, उलट तो बारकाईने घडवला. विद्यारण्यांच्या नावावर असलेल्या चौदाव्या शतकातल्या ‘पंचदशी’त सहाव्यापासून दहाव्यापर्यंतची पाच प्रकरणे दीप याच नावाने ओळखली जातात. त्यातले शेवटचे ‘नाटकदीप’. नाट्यगृहातला दिवा यजमान, प्रेक्षक आणि नर्तकी यांच्यात भेद न करता सर्वांना उजळतो, आणि सगळे निघून गेल्यावर रिकाम्या सभेतही तसाच तेवत राहतो. साक्षी चैतन्य असेच आहे, असा त्याचा आशय. सहाव्या ‘चित्रदीपा’त जगाला कापडावरच्या चित्राची उपमा आहे. कापड आधी धुतलेले, मग खळ देऊन घोटलेले, मग रेघांनी आखलेले आणि शेवटी रंगवलेले. चारही अवस्थांत आधार एकच. चित्रकाराच्या कामाची इतकी नेमकी माहिती एका अद्वैत ग्रंथात सापडावी, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

चित्र आणि दिवा यांची प्रत्यक्ष गाठ मात्र शहरापासून सुमारे १०० किलोमीटरवर, अजिंठ्याला पडते. वाघूर नदीच्या नालाकृती वळणावरच्या या लेण्यांतले जुने काम इ.स.पू. दुसऱ्या-पहिल्या शतकातले आणि नंतरचे पाचव्या शतकातले, वाकाटक काळातले. खडकावर माती, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर पातळ पांढरा लेप, आणि तो वाळल्यावर रंग. लाल आणि पिवळी गेरूची माती, हिरवी माती, पांढऱ्यासाठी चुना आणि तत्सम द्रव्ये. पाचव्या शतकातल्या चित्रांत अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्द दगडाचा निळा. काळा रंग काजळीचा. म्हणजे तेलाचा दिवा चित्र दाखवतही होता आणि त्याची काजळी चित्रात रंग म्हणून उतरतही होती. ज्ञापक आणि कारक यांच्यातली रेघ या भिंतींवर तरी पुसलेली आहे.

मंडपाच्या आतल्या भिंतीपर्यंत दिवसाचा उजेड फारसा पोचत नाही. कारागिरांनी तेलाचे दिवे वापरले असणार, आणि दारातली तिरीप पांढऱ्या कापडाने किंवा चकचकीत पृष्ठभागाने आत वळवली असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. या दोन प्रकाशांत फरक मोठा आहे. तेलाच्या ज्योतीचे रंगतापमान सुमारे १९०० केल्विन, दुपारच्या उन्हाचे ५५०० च्या आसपास. ज्योतीत तांबडे-पिवळे भरपूर आणि निळे अगदी थोडे. त्यामुळे लाजवर्दी निळा नुसत्या ज्योतीखाली काळपट दिसतो आणि उन्हाची परतलेली तिरीप पडताच उमलतो. एकाच भिंतीचे हे दोन चेहरे. त्यातला खरा कोणता? दोन्हीही खरेच, पण दिवसाच्या उजेडात निळा आणि काळा वेगळे ओळखता येतात, ज्योतीखाली येत नाहीत. ज्या प्रकाशात अधिक भेद कळतात तो प्रकाश अधिक विश्वासार्ह, ही कसोटी इथे हाती लागते. नागार्जुनाला शरण न जाता आणि दिव्याला निर्लेपही न मानता वापरता येईल अशी ही कसोटी आहे.

पुढच्या काळात प्रकाश या चित्रांचा शत्रूही ठरला. आता लेण्यांत फ्लॅशने छायाचित्र घेण्यास बंदी आहे, आणि काही लेण्यांत फायबर ऑप्टिक दिवे बसवले गेले, ज्यांत उष्णता देणारा मूळ दिवा चित्रापासून दूर राहतो. दाखवण्याची किंमत दाखवलेल्या वस्तूला मोजावी लागते. जगभरची संग्रहालये अतिसंवेदनशील वस्तूंवर ५० लक्सच्या वर प्रकाश जाऊ देत नाहीत. घरातल्या टेबलावरच्या कामाला मात्र ५०० लक्स लागतात, बारीक कामाला त्याहून जास्त.

पांढऱ्या एलईडीत पांढरा प्रकाश मुळात नसतोच. निळा प्रकाश देणाऱ्या चिपवर पिवळसर फॉस्फरचा थर दिलेला असतो, आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरे भासते. असा तेजस्वी निळा एलईडी साधल्याबद्दल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. स्वस्त फॉस्फरमध्ये तांबडा भाग कमी पडतो. रंग किती खरे दिसतात हे सीआरआय या आकड्याने सांगतात. १०० म्हणजे संदर्भ-प्रकाशाशी पूर्ण मेळ. साध्या फ्लड लाइटचा, ज्याला बाजारात सवयीने अजून हॅलोजन किंवा फोकस म्हणतात, आकडा ७०-८० असतो. पण हा आठ फिकट रंगांच्या नमुन्यांचा सरासरी आकडा आहे. गडद तांबडा त्यात धरलेलाच नाही. तो आर९ या नावाने वेगळा मोजतात. त्यामुळे ८० सीआरआयच्या दिव्याखालीही लाल मलूल दिसू शकतो. रेझिस्टरवरचे लाल, नारिंगी आणि तपकिरी पट्टे अशा दिव्याखाली एकमेकांत मिसळतात. पट्टा चुकला की किंमत दसपटीनेही चुकू शकते. लाकडाचे पॉलिश जुळवणे, सनमायकाची छटा निवडणे, पैठणीच्या काठाचा तुटलेला धागा शोधून रफू करणे, यांसाठी ९० च्या पुढचा सीआरआय हवा आणि ४००० ते ५००० केल्विनचा पांढरा. ६५०० चा निळसर पांढरा दुकानात सर्वांत झगझगीत दिसतो, म्हणून सर्वांत जास्त खपतो. रंगाच्या कामाला तो चांगला नाही.

झगमगाटाची ही ओढ हाच निवडीतला मुख्य घोटाळा आहे. ल्युमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडलेला प्रकाश, लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर प्रत्यक्ष पडलेला. एक चौरस मीटरच्या टेबलावर ५०० लक्स हवे असतील, तर बाजूला सांडणारा प्रकाश धरूनही १००० ल्युमेन पुरतात, आणि तेवढे १० वॅटचा बरा एलईडी देतो. लहान दिवा एक मीटरऐवजी दोन मीटरवर टांगला की प्रकाश चौथाई उरतो. म्हणून ५० वॅटचा फ्लड लाइट छताशी लावण्यापेक्षा १० वॅटचा दिवा जवळ आणणे शहाणपणाचे. मोठा फ्लड लाइट डोळे दिपवतो, बाहुली आकसते, आणि सावलीतले अधिकच काळे पडते.

अर्धवट उजेड पूर्ण अंधारापेक्षा घातक असतो, हे वेदान्ताने दोरी आणि सापाच्या दृष्टांतातून सांगितले. गौडपादांच्या ‘मांडूक्यकारिके’त दोरीचा निश्चय न झाल्यामुळे तिच्यावर सापाची किंवा पाण्याच्या धारेची कल्पना होते. अगदी काळोखात दोरीही दिसत नाही आणि सापही दिसत नाही. भ्रमाला काहीतरी दिसावे लागते, पण पुरते दिसून चालत नाही. स्विचबोर्डाच्या खोक्यात लाल फेज आणि काळी न्यूट्रल ओळखताना स्वतःच्या डोक्याची सावली वायरवर पडते, तेव्हा कारागीर नेमका याच अवस्थेत असतो. लाइट गेलेली असेल तर तो हात आवरतो. अंधूक उजेडात मात्र आवरत नाही, कारण आपल्याला दिसते आहे अशी त्याची खात्री असते.

त्याच ग्रंथाचे चौथे प्रकरण ‘अलातशांति’. पेटते कोलीत गरगर फिरवले की आगीचे वर्तुळ दिसते. ते वर्तुळ बाहेरून आलेले नसते, आणि कोलीत थांबल्यावर ते कुठे जातही नाही. स्वस्त एलईडी याच्या उलटा खेळ करतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची. ही वीज एलईडीला साजेशी करून देणारा ड्रायव्हर निकृष्ट असेल, किंवा त्याचे भाग एलईडीच्याच पट्टीवर बसवून खर्च वाचवलेला असेल, तर प्रकाश सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि मावळतो. डोळ्याला ते जाणवत नाही. पण मिनिटाला ३००० फेरे घेणारा ड्रिलचा चक सेकंदाला नेमके ५० फेरे घेतो, आणि अशा प्रकाशात तो स्थिर किंवा संथ भासू शकतो. कोलितात गतीतून आकार दिसतो, इथे गतीच दिसेनाशी होते. ग्राइंडर चालवणाऱ्यासाठी हा भ्रम तत्त्वचर्चेपुरता राहत नाही. मोबाइलचा कॅमेरा दिव्यासमोर धरून पडद्यावर सरकते काळे पट्टे ठळक दिसले, तर तो दिवा फिरत्या यंत्राजवळ लावू नये.

किमतीचा विचार इथे येतो. सरकारी घाऊक खरेदीत एका एलईडी बल्बचा दर २०१४ मध्ये ३१० रुपये होता, तो २०१६ मध्ये ३८ रुपयांपर्यंत उतरला. उजेड आता महाग राहिलेला नाही. महाग असतात तांबड्याचा भरणा असलेला फॉस्फर, प्रकाश स्थिर ठेवणारा ड्रायव्हर, आणि उष्णता वाहून नेणारे ॲल्युमिनियमचे अंग. कमी पैशांत घ्यायचे असेल तर वॅट कमी करावेत, या तिन्हींत काटकसर करू नये. खोक्यावर ल्युमेन, केल्विन आणि सीआरआय छापलेले नसतील आणि वॅटच तेवढे मोठ्या अक्षरांत असतील, तर तो दिवा सोडावा. भारतीय मानक ब्युरोची आर अक्षराने सुरू होणारी नोंदणी पाहावी. धातूच्या अंगाच्या दिव्याला तीन पिनांची वायर असावी, म्हणजे अर्थिंग मिळते. ओल किंवा धूळ असलेल्या जागी आयपी६५ चे कवच असावे.

एका दिव्याने सगळे काम भागत नाही. रंग पाहायला पसरट, मऊ प्रकाश समोरून आणि किंचित वरून हवा. पुट्टीचा चढउतार पाहायला तोच दिवा भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा धरावा लागतो. मग बोटाला जाणवणारी प्रत्येक लहर लांब सावली टाकते. भित्तिचित्रांचे संवर्धकही गिलाव्यापासून सुटू लागलेला रंगाचा पापुद्रा असाच आडव्या प्रकाशात शोधतात. समोरच्या प्रकाशात रंग खरा आणि पृष्ठभाग खोटा, आडव्या प्रकाशात पृष्ठभाग खरा आणि रंग खोटा. सगळे एकदम खरे दाखवणारा कोन नाही. म्हणून एका मोठ्या दिव्याच्या पैशांत मान वळवता येणारे दोन लहान दिवे घेणे बरे.

दिव्याच्या या मर्यादांनी वेदान्ती गडबडणार नाही. दृष्टांत एकदेशी असतो, त्याचा एकच अंश घ्यायचा असतो, हे त्याचे उत्तर ठरलेले आहे. आणि ते पळवाट नाही. नाटकदीपातला साक्षी तेल मागत नाही, त्याला रंग नाही, तो लुकलुकत नाही, त्याची सावली पडत नाही. दिव्याकडून घेतलेला अंश एवढाच, की उजळणारा उजळलेल्यांपैकी एक नसतो. बाकी ज्या-ज्या बाबतीत प्रत्यक्ष दिवा साक्षीसारखा नाही, नेमक्या त्याच बाबी विकत घेणाऱ्याने तपासायच्या असतात. आपेगावच्या ज्ञानदेवांनी ‘अमृतानुभवा’च्या अज्ञानखंडन प्रकरणात अज्ञान ही स्वतंत्र वस्तूच संभवत नाही असे मांडले. घरातला अंधार मात्र बोर्डामागे, कपाटाखाली, सिंकच्या पाइपामागे अगदी वस्तूसारखा अडतो, आणि तिथे चार्जिंगचा दिवा न्यावा लागतो.

चार्जिंगच्या दिव्यात शेवटची एक गोष्ट पाहावी लागते. साध्या दिव्यात बॅटरी उतरते तसा प्रकाश हळूहळू मंदावतो. डोळा त्या मंदपणाशी जुळवून घेत जातो, आणि काम करणाऱ्याला कळायच्या आत तो पुन्हा दोरी आणि साप यांच्या उजेडात येऊन बसतो. विद्युतप्रवाह नियंत्रित ठेवणाऱ्या दिव्यात प्रकाश बराच वेळ सारखा राहतो, आणि मग इशारा देऊन तो उतरतो किंवा बंद होतो. थोडे पैसे जास्त पडले तरी हा दुसरा घ्यावा.