पांगाऱ्याचा पंचनामा

पोफळी हे नाव महाराष्ट्राला विजेमुळे ठाऊक आहे. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून इथे उतरते आणि डोंगराच्या आत खोदलेल्या वीजगृहात त्याची वीज होते. नाव मात्र झाडाचे, सुपारी देणाऱ्या पोफळीचे. पोफळ बागायतीतली आणि मोलाची. तिला पाणी मिळते, राखण मिळते. त्याच बागेच्या गडग्यावर पांगारा उभा असतो. त्याला कोणी पाणी घालत नाही. पावसाच्या तोंडावर फांदी खोचली की ती जगते, तिच्यावर मिरीचा वेल चढतो, आणि शिमग्याच्या सुमारास निष्पर्ण फांद्यांवर लाल फुले पेटतात. याच पांगाऱ्याची कोवळी पाने आज गाठींनी सुजून वेडीवाकडी झालेली दिसतात.

या गाठी करणारी गांधीलमाशी जेमतेम दीड मिलिमीटरची असते. मादी कोवळ्या पानात, देठात आणि शेंड्यात अंडी घालते. अळीभोवतीचा भाग फुगून गाठ तयार होते, अळी तिथेच खाते, तिथेच कोषात जाते आणि शेवटी भोक पाडून माशी बाहेर पडते. या साऱ्याला सुमारे 20 दिवस पुरतात. झाड साठवलेल्या अन्नाच्या बळावर पुन्हा पालवी काढते आणि नवी पिढी तीही गाठींनी भरून टाकते. झाडाचे अन्न पानात शिजते. पानेच निकामी झाली की एवढे मोठे झाड हळूहळू उपाशी मरते.

पांगारा आपला, ही माशी आपली नव्हे. सिंगापूर, मॉरिशस आणि रियुनियन इथल्या नमुन्यांवरून 2004 मध्ये तिला शास्त्रीय नाव मिळाले. तिचे मूळ घर पूर्व आफ्रिका असावे, असे अभ्यासक मानतात. एप्रिल 2005 मध्ये ती हवाईत सापडली आणि तिथला मूळचा पांगारा, ज्याला तिथे विलिविली म्हणतात, झपाट्याने वाळू लागला. 2006 मध्ये केरळातून भारतातली तिची पहिली नोंद प्रसिद्ध झाली. वायनाडमध्ये मिरीचे वेल पांगाऱ्यावरच चढवलेले असतात. तिथे आधाराचे झाड वाळले आणि मिरीवाल्यांवर संकट आले. पांगाऱ्याची फांदी लावली की जगते, हा त्याचा गुण. पण गाठी असलेली फांदी किंवा रोपवाटिकेतले रोप ट्रकमधून पुढच्या जिल्ह्यात गेले, तर माशीही सोबत जाते.

याच्या शेजारी पपईची गोष्ट ठेवून पाहावी. 2008 मध्ये कोइमतूरला पपईवर परदेशी पिठ्या ढेकूण आढळला आणि लवकरच तो महाराष्ट्रातल्या बागांतही पोहोचला. 2010 मध्ये त्याला मारणाऱ्या बारीक परजीवी माश्या प्वेर्तो रिकोहून आणल्या गेल्या, त्या सोडल्या गेल्या आणि बागा सावरल्या. दोन वर्षांत देशाने उपाय शोधला, कारण पपईला मालक आहे आणि तिच्या नुकसानीचा आकडा मांडता येतो. जून 2020 मध्ये निसर्ग वादळाने कोकणातल्या नारळी-पोफळी आडव्या केल्या, तेव्हा त्यांचेही पंचनामे झाले आणि झाडामागे भरपाई ठरली. ते योग्यच झाले. पण रानातला पांगारा उभ्याउभ्या वाळला तर तलाठी येत नाही. ज्याला भाव नाही त्याचा मृत्यू कागदावर येत नाही, आणि जो कागदावर येत नाही त्याच्यावर उपायही शोधला जात नाही. माझ्या मते खरा रोग हा आहे. माशी हे त्याचे एक लक्षण.

पांगाऱ्याचा हिशेब मांडायचाच तर तो मोठा आहे. ऐन कोरड्या दिवसांत साळुंक्या, बुलबुल, कोतवाल आणि शिंजीर त्याच्या फुलांवर येतात. त्याच्या मऊ लाकडात पक्षी ढोली कोरतात. शेंगावर्गीय असल्याने तो मुळांवाटे जमिनीला नत्र देतो. सावंतवाडीची लाकडी खेळणी पूर्वापार याच हलक्या लाकडाची. यातले बहुतेक बाजारात विकले जात नाही, म्हणून ते फुकटचे ठरत नाही.

उपाय म्हणून फवारणी सुचवली जाईल. पण अळी गाठीच्या आत असते, आणि रानभर विष फवारले तर फुलांवरचे पक्षी आणि मधमाश्या आधी मरतील. माशीचा नैसर्गिक शत्रू आणावा, हा मार्ग अधिक शहाणपणाचा, पण तो घाईने चालण्याचा नव्हे. 1795 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने लाल रंगासाठी ब्राझीलहून कीटक आणले. ते निघाले भलत्याच जातीचे. त्यांनी इथल्या फड्या निवडुंगाचा फडशा पाडला. तेव्हा तो कीटक पिकांकडे वळला नाही, हे नशीब. हवाईने नशिबावर भिस्त ठेवली नाही. टांझानियातली परजीवी माशी आणून, तपासून, नोव्हेंबर 2008 मध्ये सोडली. बरीच झाडे पुन्हा पालवली, पण फुलांना आणि शेंगांना होणारा उपद्रव थांबला नाही. उशिरा आलेला उपाय अर्धाच लागू पडतो.

म्हणून सुरुवात नोंदीपासून व्हावी. परक्या किडी रोखण्याचा कायदा आपल्याकडे 1914 पासून आहे, आयातीवरील नियंत्रणाचा आदेश 2003 चा आहे. त्यांची नजर पिकांइतकीच रानातल्या झाडांवरही असायला हवी. जैवविविधता कायद्याने 2002 मध्ये गावाला स्वतःच्या झाडापाखरांची नोंदवही ठेवण्याची वाट दिली. पोफळीसारख्या गावांनी तिच्यात पांगाऱ्याचे पान उघडावे: झाड कुठे आहे, यंदा फुलले का, गाठी आहेत का. दापोलीच्या कृषी विद्यापीठात वनशास्त्र शिकणाऱ्या मुलांनी त्या नोंदी ताडून पाहाव्यात. गाठी असलेली फांदी दुसऱ्या गावी नेऊ नये, जागीच जाळावी. येत्या शिमग्याला आपल्या गडग्यावरचा पांगारा फुलला की नाही, एवढे तरी प्रत्येकाने लिहून ठेवावे. त्याचा पंचनामा करायला दुसरे कोणी येणार नाही.