सात ते साडेआठ

साताऱ्याचा एक माणूस भाऊबीजेला बहिणीकडे निघाला. सोबत म्हातारी आई. एसटीत बसल्यापासून त्यानं फोनमधून मान वर काढली नाही, आई खिडकीतून शेतं बघत राहिली. कराडला गाडी बदलली तरी दोघांत बोलणं झालं ते सुट्ट्या पैशांपुरतं. आई हल्ली बोलतच नाही, वयच झालं, असं तो बहिणीलाही सांगायचा.

बहिणीचं सासर सांगली जिल्ह्यातलं, कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. कोरोनात शाळा फोनवर भरली, पुढं शाळेची दारं उघडली तरी पोरांच्या हातातला फोन सुटेना. मोठ्यांचीही तीच गत. गावानं उपाय काढला तेव्हा पुरुषमंडळी आधी हसली, बायकांनी मात्र तो उचलून धरला. आशाताई, अंगणवाडीच्या ताई घरोघर फिरल्या. 15 ऑगस्ट 2022 पासून रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला, की साडेआठपर्यंत टीव्ही बंद, फोन बाजूला. गावानं आपणहून असं ठरवावं आणि पाळावं, याचं मोल मला फार वाटतं.

भाऊ पोचला त्या संध्याकाळीही भोंगा झाला. बहिणीनं सगळ्यांचे फोन कपाटावर ठेवले, भावाचाही. त्याचा हात दोनदा खिशाकडे गेला. भाची गृहपाठ घेऊन बसली. आईनं लेकीची अर्धवट वाकळ मांडीवर ओढली, दोरा ओला केला, सुई दिव्याकडे धरली. दोरा नेढ्याच्या बाजूनं जात राहिला.

"पोरी, ओवून दे गं. डाव्या डोळ्यानं दिसत नाही मला."

भाचीनं सुई घेतली. भाऊ म्हणाला, "आई, कधीपासून?"

"आषाढी एकादशीपासून. तुला सांगितलं की मी, दोनदा. हं म्हणालास."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून त्याला ते जास्त लागलं. आई अबोल झाली नव्हती. ज्याचं कोणी ऐकत नाही, ते माणूस एक दिवस सांगणंच सोडून देतं, आणि घरच्यांना वाटतं, याच्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नाही.

साडेआठचा भोंगा झाला. फोन कपाटावरून खाली यायला त्या रात्री नऊ वाजून गेले.

दुसऱ्या दिवशी परतताना त्यानं आईला विचारलं, "अजून काय काय सांगायचं राहिलंय?" आईनं आधी त्याच्या हाताकडे पाहिलं. हात रिकामा होता. मग ती बोलू लागली. उंब्रज येईपर्यंत त्याला कळलं, की विहिरीवरची मोटर पाणी कमी ओढते, शेजारच्यानं बांध हातभर सरकवलाय, आणि धाकट्या सुनेला माहेरी जाऊन यायचंय, पण ती कुणाला बोलत नाही. डोळ्याच्या डॉक्टरकडे सोमवारी जायचं ठरलं. बांधाचं प्रकरण मोठं होतं, ते सातारा आलं तरी संपलं नाही.