विडी कोणाची, जाब कोणाला?

वरवट बकालच्या टपरीवर वडिलांसाठी विडी आणणारा मुलगा उद्या स्वतःच ती पेटवू लागला, तर दोष कोणाचा? कुरआननुसार कोणीही दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही. मग पित्याला जाब का? कारण मुलाच्या हाती दिलेले पैसे आणि घरात सोडलेला धूर हे पित्याचे स्वतःचेच कर्म आहे. बालिग मुलगा आपल्या झुरक्याचा हिशेब देईल, पिता आपल्या उदाहरणाचा.

सूरह तहरीममध्ये आगीपासून वाचविण्याचा आदेश आधी स्वतःविषयी आहे, नंतर कुटुंबीयांविषयी. हा क्रम मोडणारा उपदेश मुलाच्या मनात उतरत नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी वाईट सोबत्याला भाता फुंकणाऱ्याची उपमा दिली आहे, त्याच्याजवळ कपडे जळाले नाहीत, तरी दुर्गंध लागतोच. परंतु घरातच भाता चालू असेल, तर मुलाच्या मित्रांना आपण कोणत्या तोंडाने बोल लावणार?

२००३ च्या कायद्याने १८ वर्षांखालील मुलांना तंबाखू विकण्यास मनाई आहे. कायदा दुकानदाराला रोखू शकेल. मुलाला टपरीवर न धाडणे मात्र आपल्याच हाती आहे. तौबेची सुरुवात तिथूनच करू या.